कवेलूंखालचा माग

या मायबाप, असे जरा पुढे सरकून बसा... आज देवादिकांची नाही, आपल्यातल्याच एका माउलीची कथा सांगतो. गोळीबार चौकामागच्या गल्लीत घडलेली.

भर दुपारी घरात वरून मातीचा भुगा गळत होता. छतावर चढलेल्या गोविंदा मिस्त्रीने एक कवेलू, म्हणजे मातीचं कौल, उचललं, खालची लाकडी बल्ली नखाने खरवडली आणि तिथूनच ओरडला, "पंकजभाऊ, पूर्ण वाळवी लागली गा! औंदा नुसते कवेलू फेरून भागत नाही. वानरं एकदा नाचले, का छत तुमच्या ताटात!"

खाली, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून अनुसया हातमागावर बसली होती. केसांत माती पडत होती, तरी ताण्यातून ये-जा करणारा तिचा धोटा थांबला नव्हता.

"मंग काय करा लागते?" पंकजने विचारलं.

"स्लॅब टाका. पण मधात कॉलम येते, अन् तो बरोबर मागाच्या खड्ड्यात. नाही तं टिन ठोका."

"टिनच टाक! आमच्या वहिनीचा माग हालणार नाही."

"टिन?" पोर कडेवर घेतलेली काजल, पंकजची बायको, उसळलीच. "उन्हाळ्यात माहं लेकरू भाजून निघन त्याच्याखाली! या घरात माणसापरीस लाकडाले मान! काहून चूप बसल्या ताई? तुमीच सांगा नं!"

काय सांगणार होती अनुसया? नवरा मारोतराव गेला, तेव्हा पंकज शाळेत जाणारा पोरका दीर. या मागावरच तिने त्याला वाढवलं. त्याला नोकरी लागली, त्या दिवशी तिला वाटलं होतं, सुटली रे देवा! आता दुपारी देवळात कीर्तनाला जाऊन बसू... पण त्याच दसऱ्याला पंकजने मागाला हार घातला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमी आहा तोवर हा माग बंद पडणार नाही." त्या निर्मळ भक्तीपुढे नाही कसं म्हणावं? आणि तेव्हापासून ती त्या खड्ड्यात उतरत राहिली... ओल गुडघ्यांत मुरली, कंबर वाकली, पण पूजेच्या मूर्तीसारखी ती जागची हलली नाही. मूर्तीला कोण विचारतं, बाई, पाय दुखतात का म्हणून!

काजलने बॅग ओढली. "मी चालली कन्हानले, बाबाच्या घरी. राहा तुमी टिनाखाली!"

"जाय!" पंकज म्हणाला. "पण वहिनीचा जीव दुखवून मी स्लॅब टाकणार नाही."

धोटा थांबला.

अनुसयेने कात्री उचलली. मागावर लावलेला ताणा, म्हणजे उभे धागे, अर्धवट कापू नये, ही विणकराच्या घरची रीत. सुतकातसुद्धा तिने ती मोडली नव्हती. तिने डोळे मिटले, मनात देवाची क्षमा मागितली, आणि करकर करत सगळे धागे कापून टाकले!

"वहिनी! हे काय करून राहिल्या तुमी?"

"मले नाही पाहिजे हा माग!" कित्येक वर्षांचा हुंदका एकदम फुटला. "मी तुह्यासाठी बसत होती, रे राजा... तुले वाईट वाटन म्हणून!"

पंकज कापलेल्या धाग्यांजवळ बसला. "अन् मी... मी तुमच्यासाठी ठेवला होता, वहिनी! तुमचा जीव त्याच्यात आहे समजून..."

"कधी विचारलं का रे मले?"

काजलने बॅग टाकली, पोराला नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि खड्ड्याकाठी वाकून अनुसयेच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते दगडासारखे सुजलेले गुडघे तिने आज पहिल्यांदा पाहिले. "ताई वं... मी तुमाले बोल लावत होती! माफ करा मले."

"तू बोलली म्हणून तं सुटली मी, पोरी."

वरून गोविंदाने हळूच विचारलं, "मंग काय ठरलं गा, पंकजभाऊ?"

"स्लॅब," पंकजच्या आधी अनुसयाच म्हणाली.

पंकज खड्ड्यात उतरला. लेकाने आईला उचलावं तसं त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून वर ठेवलं. भिंतीला धरत, काजलच्या खांद्यावर भार टाकत अनुसया दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर टेकली. गल्लीतल्या देवळात मृदंग सुरू झाला होता. "चालता, ताई?" काजलने विचारलं, आणि त्या थकल्या चेहऱ्यावर कधी कोणी न पाहिलेलं हसू उमललं...

मायबाप, मान देऊन जिला आपण एका जागी बसवून ठेवतो, अशी माउली घरोघरी असते. कीर्तनाला बसाल तेव्हा शेजारी थोडी जागा ठेवा, आणि आमच्या अनुसयेची आठवण असू द्या.