एल्वेचं मेण

लाकूड आत सार रे जरा. हां. नोलवेन, तू विचारत होतीस ना, धक्क्यावरचा तो फ्रेमवाला रोनान कधी बोटीत का चढत नाही? ऐक तर. त्यानेच मला सांगितलंय.

तीन वर्षांपूर्वीची दोन नोव्हेंबरची रात्र. मृतांच्या प्रार्थनेचा दिवस. रोनान पलीकडच्या ब्रेस्त शहराहून एका दिवसाच्या कामाला आपल्या बेटावर आला होता. घरी बायकोचे दिवस भरलेले, त्यामुळे संध्याकाळची बोट गाठायचीच होती.

मादाम तांगींच्या दिवाणखान्यातलं ते भिंतभर चित्र तुम्ही पाहिलंय. फुटलेल्या जहाजाचा तराफा, त्यावर मेलेली आणि मरायला टेकलेली माणसं. कडेला कमरेइतक्या पाण्यात एक तरुण, हात आपल्याकडे पसरलेला. तो तांगींच्याच घराण्यातला, जुन्या काळचा एल्वे. बुडाला, देह मिळाला नाही. चित्राचा कापड सुटलेला कोपरा मेणाने चिकटवायचा, एवढंच काम.

"मी चर्चला चालले," मादाम म्हणाल्या. "रात्री बहिणीकडेच राहीन. निघताना चावी खिडकीत ठेव. आणि घड्याळाकडे काय बघतोस सारखा? शहरातली माणसं मेणालाही घाई करतात!"

चौकटीमागे मेणाचा एक जुनाट, झिजलेला तुकडा अडकवलेला होता. मागच्या कुणा कारागिराचा उरला असेल, असं समजून रोनानने तो वितळवला आणि वापरला.

आपल्यातलं शेंबडं पोरही असं करणार नाही! बुडालेल्याचा देह आला नाही की त्याच्या जागी आपण मेणाचा क्रूस करतो, रात्रभर त्याच्यापाशी जागतो आणि सकाळी तोच पुरतो. एल्वेच्या आईने मात्र तो पुरू दिला नव्हता. लेकाजवळच, त्याच्या चित्रामागे ठेवला होता. तोच हा तुकडा.

बोटीचा भोंगा झाला. रोनानने दार ओढलं. उघडेना. खिडक्याही जाम. बायकोला फोन लावला, तर पलीकडे नुसत्या लाटा.

पायाखाली ओल आली. जमिनीच्या फळ्या डुलायला लागल्या. हळूहळू...

"कोण आहे?" रोनान ओरडला.

भीतीने त्याला रडू फुटलं. "मला घरी जाऊ द्या हो. माझी बायको एकटी आहे."

पाठीमागून, अगदी कानाशी...

"मलाही."

त्याने वळून पाहिलं नाही. वितळवताना त्या तुकड्याला आडवा दांडा असल्यासारखं बोटांना लागलं होतं, ते आता आठवलं. भांड्यात उरलेलं मेण खरवडलं. त्याचा क्रूस वळला. न बघताच चौकटीमागे खोचला.

फळ्या थांबल्या. दार तरीही उघडलं नाही.

सकाळी मादामनी ते एका बोटाने ढकललं. तोवर ब्रेस्तला मुलगी झाली होती. रोनानने तिला पहिल्यांदा पाहिलं ते महिनाभराने, आपल्या धक्क्यावर, बायको घेऊन आली तेव्हा. बोटीच्या फळीवर त्याचा पायच पडत नाही.

त्या सकाळी मादामनी चौकटीमागे हात घातला आणि दोन क्रूस बाहेर काढले.

"पोरा... दोन का केलेस?"

त्याने एकच केला होता, एल्वेचा. दुसऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता. मधोमध छिन्नीच्या जुन्या जखमेचा वण...

रोनानच्या अंगठ्यावर आहे ना, तोच. म्हणजे दुसरा क्रूस त्याच्याच नावाचा.