परत येणारा एक

पानगळीचे दोन महिने अक्का कड्यावरच्या चौकीत उजाडल्यापासून सूर्यास्तापर्यंत ठाण मांडून बसायची. ससाणे, घारी, गरुड किनारा धरून दक्षिणेकडे निघत. त्यांची मोजदाद तिच्याकडे. शाळा चौथीत सुटलेली, पण कचेरीतले साहेब तिच्या आकड्याला बोट लावायला धजत नसत. कामाची रीत पक्की होती. एकाने पक्षी पाहून मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तेच शब्द पुन्हा म्हणायचे आणि मोजणीयंत्राचं बटण दाबायचं. दुसऱ्याने म्हटलं नाही, तर पक्षी आलाच नाही.

बावीस वर्षं सांगणारा होता तिचा धाकटा भाऊ. गेल्या पानगळीत तो कड्यावरून समुद्रात पडला, सापडला नाही. यंदा त्याच्या खुर्चीवर भावजय. वर्षभरात तिची हाडं वर आली होती. कामात जीव रमला तर बाई माणसात येईल, म्हणून अक्कानेच तिला ओढून आणलं होतं.

तिसऱ्या दुपारी भावजय म्हणाली, "परत येणारा एक. समुद्रावरून."

अक्काने दुर्बीण लावली. नुसतं राखाडी पाणी.

"डोळे आहेत की गारगोट्या? काही नाही तिथं."

"आहे, वन्सं. आपल्याकडे तोंड करून थांबलाय. पंखसुद्धा हलवत नाही."

अक्काने बटण दाबलं नाही.

मग रोज तेच. आज बाहेरच्या खडकापाशी, उद्या त्याच्या अलीकडे. अक्का रोज तिला फाडकन बोलायची. पण एक गोष्ट तिने पाहिली होती. घारींचे थवे एका जागी दुभंगत, रिकाम्या हवेला वळसा घालत आणि पुढे जाऊन पुन्हा जुळत. ती जागाही रोज जवळ येत होती. अक्काने ते वाऱ्याच्या माथी मारलं आणि तोंड मिटून घेतलं.

नवव्या दिवशी थवा चौकीच्या अगदी समोर दुभंगला.

भावजय उठली. "तुम्ही म्हणत नाही ना, म्हणून हे उतरत नाहीत."

"बस खाली. वेड पांघरू नकोस."

"मग मीच जाते ह्यांच्याकडे." तिचा एक पाय कठड्यापलीकडे गेलासुद्धा.

अक्काने तिचा दंड धरला. तो हातातून निसटत चालला होता. बावीस वर्षांत तिने न पाहिलेला एकही पक्षी मोजला नव्हता.

"परत येणारा एक," अक्का म्हणाली, आणि बटण दाबलं.

भावजय मुकाट्याने आत आली. समोरचा थवा जुळला. पुन्हा दुभंगला नाही.

घरी येताना ती गुणगुणत होती. आली ती स्वयंपाकघरातून आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

अक्का स्वयंपाकघरात शिरली. रात्रीसाठी काढून ठेवलेलं कच्चं मटण ताटात नव्हतं.

ती बंद दारापाशी जाऊन उभी राहिली. कान लावला.

आत भावजय हसत होती. वर्षात पहिल्यांदा.

"अहो, हळू... बोट आहे माझं ते."