खोलीचा आवाज

मावशीच्या काठीचं रबर काठीपेक्षा किंचित मोठं आहे. त्यामुळे काठी टेकली की एक आवाज होत नाही, दोन होतात. आधी रबर फरशीवर बसल्याचा बोथट, आणि लगेच मागोमाग रबराच्या आत लाकूड बसल्याचा, बारीक. हे रबर मीच बसवलं. काका गेल्यावर त्यांची काठी मावशीकडे आली तेव्हा जुनं रबर चिरलेलं होतं आणि दुकानात नेमक्या मापाचं मिळालं नाही. बदलून आणते म्हटलं, तर मावशी म्हणाली, राहू दे, दुसरा आवाज आला की काठी नीट टेकली हे मला कळतं.

काका स्वतः ती काठी फारशी वापरत नसत. गुडघा गेलेला होता, पण घरात ते टेबल, कपाट, खिडकीची कड असं धरत धरत चालायचे. घरात सामान आहे तोवर हे पडायचे नाहीत, असं मावशी म्हणायची. नवऱ्याचा उल्लेख ती नेहमी 'हे' असाच करते, अजूनही.

माझी आई लवकर गेल्यामुळे मी या दोघांकडे वाढले. आता घरात मावशी आणि मी. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमची इथली शाखा बंद होणार आहे आणि मला दुसऱ्या गावी जायचं की नोकरी सोडायची, याचं उत्तर साहेबांना द्यायचं होतं. मावशीला दिसत नाही, तिला एकटी ठेवता येणार नाही. माझ्याबरोबर येतेस का, असं मी तिला उन्हाळ्याच्या आधी विचारलं होतं. "बघू," ती म्हणाली होती. त्यानंतर जितक्यांदा विचारलं तितक्यांदा हेच उत्तर. साहेबांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा देणार नाहीत, हे त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं होतं.

अशातच एका सकाळी मावशीचा प्रयोगशाळेत फोन आला. "हे बोलत नाहीयेत," ती म्हणाली.

तिची नजर अधू होत गेली तेव्हा काकांनी तिच्यासाठी पुस्तकं वाचून संगणकात भरून ठेवायला सुरुवात केली होती. ते नकाशे काढण्याच्या कामातून निवृत्त झालेले. कुठलंही काम हातात घेतलं की आधी त्याची पद्धत ठरवायचे. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळचं काचेचं टेबल, त्यावर माइक, समोर पुस्तक. एका कळीवर त्यांनी मखमलीचा तुकडा चिकटवला होता. मावशी बोटांनी तो शोधून कळ दाबायची, आणि काकांचा आवाज सुरू व्हायचा. ते गेल्यानंतरही हा क्रम चालूच राहिला. सगळ्यांत जास्त ऐकली जायची ती जहाजावरच्या एका डॉक्टरची जाडजूड कादंबरी, त्यांनी वाचलेलं शेवटचं पुस्तक.

झालं होतं ते साधंच. संगणकानं आपलं आपण अपडेट करून घेतलं होतं, आणि काकांचा जुना प्रोग्रॅम नव्या व्यवस्थेत उघडायला तयार नव्हता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि फायली त्या प्रोग्रॅमच्याच खास प्रकारच्या. दुसरं काही त्यांना ओळखेना. प्रत्येक फाईल आजकाल सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदलून घेणं, एवढाच मार्ग होता.

पहिली फाईल बदलली तेव्हा काका चिरक्या आवाजात भराभर बोलू लागले. रूपांतर करताना आवाज वाजवण्याचा वेग चुकीचा धरला गेला होता. मावशी शांतपणे ऐकत होती. "हे असे बोलत असते तर मी लग्नाला उभीच राहिले नसते," ती म्हणाली. मी वेग दुरुस्त केला. काकांचा आवाज परत जड, सावकाश झाला, आणि मावशीनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं.

एक अडचण मात्र राहिली. पुस्तक सुरू करण्याआधी काकांनी मला विचारलं होतं, तुम्ही पाणी तपासता तेव्हा सुरुवात कशी करता? मी सांगितलं, आधी शुद्ध पाण्याचा कोरा नमुना मोजतो, म्हणजे उपकरणाची स्वतःची चूक कळते आणि ती नंतर वजा करता येते. ते त्यांना फार आवडलं. तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाआधी ते पंखा बंद करायचे, फ्रीजची वायर काढायचे, मावशीला जागेवरून हलू नको म्हणून बजावायचे, आणि माइक चालू करून काहीही न बोलता बसायचे. याला ते 'खोलीचा आवाज' म्हणायचे. जुना प्रोग्रॅम हा कोरा भाग ओळखून तो ओलांडायचा आणि थेट वाचनापासून सुरू करायचा. नव्याला ती खूण कळत नव्हती. म्हणून प्रत्येक प्रकरण हेडफोन लावून ऐकायचं, वाचन कुठे सुरू होतं ते पाहायचं आणि आधीचा भाग हातानं कापायचा, असं मी ठरवलं. मावशीला उगाच शांतता ऐकत बसायला लागू नये.

पहिल्या प्रकरणांत ऐकण्यासारखं काही नव्हतं. काकांचा श्वास, खुर्चीची करकर, खाली रस्त्यावर एखादी सायकल. पुढच्या एका प्रकरणात मला काठी ऐकू आली.

लांबून, आतल्या खोलीकडून येत असावी तशी. बोथट आवाज, मागोमाग बारीक. पुन्हा तेच.

मी ती जागा मागे घेऊन परत ऐकली. काका स्वतः खुर्चीत बसलेले होते. त्यांचा श्वास माइकजवळ ऐकू येत होता. मावशी तेव्हा काठीशिवाय चालायची. आणि ते रबर काका गेल्यानंतरचं होतं.

माझा पहिला संशय रूपांतरावर होता. दुसरा, आत्ता मावशी चालत असेल आणि हेडफोनमधून बाहेरचं ऐकू येत असेल, यावर. मी उठून पाहिलं. मावशी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. काठी दाराला टेकलेली होती. मूळ फाईलची तारीख पाहिली. ती काकांच्या हयातीतली होती आणि त्यानंतर फाईलला कुणी हात लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मूळ फाईल प्रयोगशाळेत नेली. तिथे एका जुन्या उपकरणाला जोडलेला एक संगणक आहे, ज्यानं अपडेट नावाची गोष्ट कधी पाहिलेली नाही. त्यावर काकांचा जुना प्रोग्रॅम चढवला, कोरा भाग न ओलांडता फाईल वाजवली. काठी तिथेही होती.

मी हे मावशीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, ते मलाच ठरवता आलं नव्हतं.

त्या आठवड्यात दादाचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा, परदेशातून फोन आला. बाबांचा आवाज परत आला का, असं त्यानं विचारलं. बराचसा आला, मी म्हटलं. मग तो मुद्द्यावर आला. आई काय म्हणते? बघू म्हणते, मी सांगितलं.

"दिसत नाही त्या बाईला, आणि इतके महिने बघू बघू," तो म्हणाला. थोडा हसला. मग म्हणाला, "हे बघ मोजपट्टी, तिला उचलून नेऊ नकोस. पण तूही तिथे रुतून बसू नकोस. दोन्ही कसं जमवायचं ते मला विचारू नकोस, मी लांब पळालेला माणूस आहे."

मोजपट्टी हे काकांनी मला ठेवलेलं नाव. फोन ठेवल्यावर मी पुढचं प्रकरण उघडलं.

कोऱ्या भागात कप खाली पडला. फुटल्याचा आवाज नव्हता, एक तुकडा निघून फरशीवर घरंगळल्याचा होता. मग मावशीचा आवाज, अगदी स्पष्ट: "गेला वाटतं कान." त्यानंतर काकांनी घसा खाकरला आणि प्रकरण सुरू केलं. त्यांना काहीच ऐकू आलेलं नसावं, असं.

आमच्या घरातले कप मी पाहून आले. सगळ्यांचे कान शाबूत होते. जुना एखादा असेल, तेव्हाच फुटलेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं.

दोन-तीन दिवसांनी मावशी टेबलाशी चहा पीत होती. मी समोर बसले होते. कप तिच्या हातून सुटला, टेबलाच्या कडेला आपटून खाली गेला. एक तुकडा घरंगळत कपाटाखाली गेला. मावशीनं वाकून हातानं चाचपलं.

"गेला वाटतं कान," ती म्हणाली.

मी तुकडे गोळा केले. 

त्यानंतर मी काम थांबवायला हवं होतं असं कुणाला वाटेल. पण मावशी रोज विचारायची, डॉक्टर कुठवर पोचला, पुढचं कधी देणार? तिला शेवट पाठ होता, तरी तो त्यांच्या तोंडून हवा होता. आणि खरं सांगायचं तर मलाही थांबायचं नव्हतं. कोऱ्या भागांत आमचं घर क्रमानं पुढे चाललं होतं. एकात माझी शिंक होती, दुसऱ्यात चिकटपट्टी ओढून फाडल्याचा लांब आवाज. पुन्हा चिकटपट्टी. जड काहीतरी सरकवणारी अनोळखी माणसं. "जरा तिरकं घ्या," असं कुणीतरी म्हणत होतं.

मग शेवटचं प्रकरण राहिलं.

रविवारची दुपार होती. ऊन टेबलाच्या काचेवर आलं होतं. मावशी आत आडवी झाली होती. मी हेडफोन लावले.

पहिल्या क्षणी मला वाटलं वेग पुन्हा बिघडला. आवाजाला एक शेपटी होती. खालून गेलेल्या गाडीचा हॉर्न खोलीत येऊन लगेच विरला नाही, भिंतीवरून भिंतीवर गेला. मी तो परत ऐकला. हे मला ओळखीचं होतं. रंगकामासाठी आमच्या प्रयोगशाळेचं दालन रिकामं केलं होतं तेव्हा आमचे आवाज असेच घुमायचे. पडदे, गाद्या, कपडे, पुस्तकं आवाज शोषून घेतात. ती नसली की आवाज राहतो.

ही खोली रिकामी होती.

काकांचा श्वास ऐकू येत नव्हता. खुर्ची करकरत नव्हती.

मग काठी आली. बोथट, मागोमाग बारीक. आतल्या दारापासून सुरू झाली. रिकाम्या खोलीत प्रत्येक आवाज दोनदा होत होता. ती कपाटाच्या जागेपर्यंत आली आणि थांबली. मग टेबलाच्या जागेपर्यंत आली. जवळ येताना ती सावकाश होत गेली.

माझ्या अगदी समोर ती टेकली. दुसरा, बारीक आवाज झाला.

काकांनी घसा खाकरला आणि शेवटचं प्रकरण वाचायला सुरुवात केली.

मी हेडफोन काढले. खोलीत सगळं होतं. कपाट, पडदे, फ्रीजची घरघर. मी तो भाग कापून टाकला आणि तिथेच बसून नीट विचार केला. सामान जाणार, हे खरं. म्हणजे मी जाणार. आणि काठी इथेच वाजणार. म्हणजे काठी जिच्या हातात आहे ती इथे राहणार, रिकाम्या घरात, एकटी. दुसरा अर्थ मला लावता येईना. आणि हा अर्थ मला चालणार नव्हता. सामान हलू द्यायचंच नाही. उद्या साहेबांना कळवायचं की मी नोकरी सोडते आहे. आधी मावशीला सांगायचं.

मी आत गेले. मावशी जागी होती, पलंगाच्या कडेला बसलेली. काठी तिच्या मांडीवर आडवी होती आणि ती अंगठ्यानं रबर दाबून सोडत होती. दाबलं की आतलं लाकूड बारीक वाजत होतं.

"झालं का तुझं कापाकापीचं?" तिनं विचारलं.

झालं म्हटलं. मी तिच्या शेजारी बसले. आत्ता ऐकलेलं मी तिला सांगितलेलं नव्हतं. हेडफोन माझ्याच कानांवर होते, आणि तो भाग मी कापून टाकला होता.

"मावशी, मी ठरवलंय," मी सुरुवात केली.

"थांब. आधी माझं ऐकून घे. खूप दिवस तुला लटकत ठेवलं मी." तिनं माझा हात शोधला आणि काठीवर ठेवला. लाकूड कोमट होतं. "मी येते तुझ्याबरोबर. सगळं सामान ने, मला काही मागे ठेवायचं नाही. ही काठी तेवढी इथे राहू दे. रिकाम्या घरात धरायला दुसरं काय असणार यांना?"