उणे एक माणूस

साठ-बासष्ट सालची गोष्ट. नंदुरबारहून कोरीटला जाणाऱ्या रस्त्याला कापसाचं एक जिनिंग होतं. तिथला रतिलाल म्हणजे छिद्रांची कार्डं मोजणाऱ्या यंत्रावरचा माणूस, आणि तोरा असा की चहाची कपबशीसुद्धा यंत्रापासून दोन हात लांब. धाकटा भाऊ बन्सीलाल तिथेच गोदामात गाठी रची. बाप नव्हता. "बन्सीले संगे लई ये," एवढंच आई रोज सांगे.

यंत्र आलं ते गोदामाला आग लागल्यानंतर. मोलगीकडचा जालमसिंग आत असताना कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं होतं, तो आतच जळाला. तेव्हापासून नियम झाला. गोदामात शिरताना एक कार्ड पेटीत टाकायचं, बाहेर येताना दुसरं. दोन्हींवर एकाच्या जागी छिद्र, पण बाहेरच्या कार्डावर त्याच्या वर आणखी एक. ते वरचं छिद्र म्हणजे उणे. सांजेला रतिलाल सगळी कार्डं यंत्रातून काढी आणि बेरीज शून्य आली की पहारेकरी भीमसिंग कुलूप घाली.

पौषातल्या एका सांजेला यंत्राने इंग्रजी जे अक्षर छापलं. त्या जुन्या यंत्रापाशी वजाबाकीची खूणच नव्हती, उणे एकाच्या जागी ते हे अक्षर छापी. म्हणजे आत गेले त्याहून एकजण जास्त बाहेर आला होता. भीमसिंग हसला. आत कुणी राहिलं तर घोर, बाहेर जास्त झाल्याचं कसलं दुःख? चूक उद्या शोधू म्हणून रतिलालने यंत्राने त्या उणे एक बेरजेचं पाडून दिलेलं कार्ड पेटीतच ठेवलं.

दुसऱ्या सांजेला शून्य आलं. कुलूप पडलं. कार्डांचा गठ्ठा बांधता बांधता रतिलालने एक कार्ड उपसून दिव्यापाशी धरलं. कालचं उणे एकाचं कार्ड आजच्या कार्डांत तसंच राहिलं होतं. ते काढून त्याने पुन्हा यंत्र चालवलं. एक आला. कुणीतरी आत होतं.

तो दाराशी धावला. माणसं मोजली. जान्या, रूपलीबाई, सगळी होती. बन्सीही त्याच्या कोपराशी येऊन उभा राहिला. रतिलालचा जीव भांड्यात पडला, आणि आतून दारावर थाप पडली.

"दादा... मी मझार शे... दार उघाड..."

आवाज बन्सीचा होता. शेजारचा बन्सी गप्प उभा होता. त्याच्या सदऱ्याला जळक्या कापसाचा वास येत होता.

भीमसिंगने कुलूप काढलं. आत नुसत्या गाठी. दार लावलं तशी पुन्हा थाप. जिनिंगचे मालक शेटजी आले, त्यांना मात्र काही ऐकू येईना. माणसं सगळी बाहेर दिसताहेत, तर एक बाहेरचं कार्ड पाडून शून्य कर, असं ते म्हणाले. बन्सी आत आहे, म्हणत रतिलालने हात जोडले. शेटजींनी शेजारच्या बन्सीकडे पाहिलं, मग रतिलालकडे. भीमसिंगने मान खाली घातली. आता दाद मागायची तरी कुणाकडे?

रतिलालने कोऱ्या कार्डावर एकाचं छिद्र पाडलं. थाप चालूच होती.

"दादा..."

त्याने वरचं छिद्र पाडलं. थाप थांबली.

"चाल दादा," शेजारचा म्हणाला, "माय वाट दखी ऱ्हायनी."

तो सायकलवर मागे बसला, रतिलालच्या कमरेला घट्ट मिठी घालून. सगळ्या रस्त्याने सायकल रिकामी असल्यासारखी हलकी चालली होती.