आईचा सांधलेला कप

ही गोष्ट खरी आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या, इडेलाच्या बाबतीत घडलेली. थोडी माझ्याही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. इथे ती नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा ऑक्टोबर. गुरुवार. दुपारचे साडेचार. बाहेर लख्ख ऊन होतं.

जॉर्जियातलं आमचं मेरिट्स फेरी एवढंसं गाव, पण पाहुणे पुष्कळ यायचे. कोर्टावरचं घड्याळ बघायचे, नदीकाठच्या बागेत डबे उघडून जेवायचे आणि शेवटी लॅथमांच्या पांढऱ्या खांबांच्या बंगल्यात शिरायचे. बंगल्याच्या मागच्या अंगणात जुनं स्वयंपाकघर होतं. तिथे इडेला डोक्याला फडकं बांधून, विटांच्या चुलीवर मक्याचा पाव भाजून दाखवायची. आमची पणजी त्याच चुलीपुढे गुलाम म्हणून राबली होती. इडेला निदान पगार घेऊन घरी यायची.

मी तेव्हा तिच्याच घरी होते. तेहतीस वर्षांची, छातीत कफ दाटून अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर रोज येत होते आणि जाताना इडेलाशी दाराबाहेर बोलत होते. दाराबाहेर बोलतात तेव्हा काय बोलतात, ते आजाऱ्याला बरोबर कळतं.

त्याच आठवड्यात सोमवारी कोरिन बाई स्वयंपाकघरात आल्या. बंगला सांभाळणाऱ्या समितीच्या त्या प्रमुख. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"इडेला, डोळे मीट बघू!"

"पाव करपेल, बाई."

"करपू दे गं एक दिवस! हे बघ."

पांढरा, मोठा कप. काठाशी निळी रेघ. सगळ्या अंगावर सांध्यांच्या बारीक रेषा.

"पूर्ण उन्हाळा घालवला मी हा जोडण्यात. ओठ लावायच्या जागी एवढा एक टवका तेवढा सापडला नाही. या फळीवर किती शोभेल!"

इडेलाचे हात पिठातच राहिले.

"कुठे मिळाला, बाई?"

"नदीकाठच्या बागेत. पलीकडचं ते रान साफ केलं ना, तिथे फुटक्या भांड्यांचा ढीगच होता. लोक कचरा कुठेही टाकतात गं."

तो कचरा नव्हता.

ते आमचं दफनाचं रान होतं. दगड लावायची ऐपत कुणाची नव्हती, म्हणून खुणा भांड्यांच्याच. आमच्यात माणूस गेलं की त्याने शेवटचं ज्यातून पाणी घेतलं, ते भांडं त्याच्या मातीवर ठेवतात. पण फोडून ठेवतात. अख्खं ठेवलं, तर मरणाची साखळी तुटत नाही. गेलेलं माणूस घरातल्या कुणालातरी न्यायला येतं.

हा कप आमच्या आईचा होता.

आई तापात गेली, तेव्हा त्याच तापाने मी शेजारी तळमळत होते. सहा वर्षांची. आई शेवटपर्यंत एकच म्हणत होती, "बर्डीला पाणी द्या. बर्डीला तहान लागलीय." बर्डी म्हणजे मी. हे नाव फक्त तिचं. तिच्यामागे मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. मातीवर तो कप विटेने फोडला तो इडेलाने. चौदा वर्षांची होती. मावशीने तिचा हात धरून फोडायला लावला... मी राहावी म्हणून.

आणि मी राहिले.

इडेला कोरिन बाईंना काहीच बोलली नाही. नोकरी होती. शिवाय ही गोष्ट त्या बाईला सांगायची तरी कशी? तिने कप फळीवर ठेवला आणि हात धुतले. दोनदा धुतले.

मंगळवारी सकाळी तिने कुलूप काढलं.

कपात पाणी होतं... काठोकाठ.

एखाद्या पाहुण्याने ठेवलं असेल, असं म्हणून तिने ते अंगणात ओतलं. कप पुसला. फळी कोरडी, वरचं छप्पर कोरडं. दुपारी पाव उलटताना तिची नजर गेली...

पुन्हा काठोकाठ.

त्या रात्री माझा ताप चढला.

बुधवारी तिने बागेच्या माळ्याला, अमोसला, कुंपणापाशी गाठलं. आमच्याच चर्चमधला म्हातारा. जीभ तिखट, मन लोण्यासारखं.

"अमोसकाका, ते रान साफ करताना तुम्ही होतात ना?"

"होतो. आणि तू आज पाव न आणता आलीस, म्हणजे भांडायलाच आलीस."

"आईचा कप फळीवर बसलाय, काका. जोडून."

म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू मावळलं. त्याने फावडं कुंपणाला टेकवलं.

"मी एकदा म्हटलं त्यांना, हात लावू नका. दुसऱ्यांदा नाही म्हटलं गं. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?" मग हळूच म्हणाला, "धाकटी कशी आहे?"

"काल रात्री ताप आणखी चढला."

"मग विचार कसला करतेस, पोरी?"

पण तिने तो दिवसही जाऊ दिला. बाईंच्या डोळ्यांदेखत त्यांची वस्तू फोडायची, म्हणजे औषधं चालू असताना पगारावर पाणी सोडायचं. बुधवारी तिने तीन वेळा कप रिकामा केला. तिन्ही वेळा तो भरला.

आणि गुरुवार उजाडला.

साडेचारला शेवटचे पाहुणे बाहेर पडत होते. इडेला विहिरीपाशी परात घासत होती. ओहायोहून आलेल्या एक बाई पर्स सावरत तिच्याकडे आल्या.

"पाव काय सुंदर होता हो! आणि तुमच्या त्या दुसऱ्या बाई, त्या तर खऱ्याच जुन्या काळातल्या वाटतात."

"कोण दुसऱ्या?"

"आत चुलीपाशी बसल्यात त्या. आम्ही इतकं विचारलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत आमच्याशी. नुसतं त्या कपाकडे बघत कुणाला तरी हाक मारत होत्या. काय बरं नाव..."

इडेलाच्या हातातली परात थांबली.

"हां, बर्डी!"

त्या स्वयंपाकघरात इडेलाशिवाय कामाला कुणीच नव्हतं.

ती धावत आत गेली.

चूल विझलेली. आत कुणी नाही. अंगणातल्या पिकानच्या, अक्रोडासारख्या मोठ्या झाडावर दिवसभर कलकलणारे पक्षी गप्प. इतके गप्प, की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

कप फळीवर होता.

रिकामा...

तिने न ओतता, पहिल्यांदाच.

आणि फळीखालून पाण्याचे थेंब निघाले होते. एकेका पावलाच्या अंतरावर एकेक. उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाकडे. फाटकाबाहेरचा रस्ता आमच्या घराकडे जातो.

तेव्हा इडेलाने ना नोकरीचा विचार केला, ना औषधांचा. तिने कप उचलला. तिने मला सांगितलं, रिकामा असून तो उचलवत नव्हता, पलीकडून कुणी धरल्यासारखा. तिने दोन्ही हातांनी तो ओढला आणि चुलीच्या विटेवर आपटला. एकदा. दोनदा. तुकड्यांवर वीट घातली.

दारात कोरिन बाई उभ्या होत्या.

"इडेला! वेड लागलं का तुला? माझा अख्खा उन्हाळा गेला त्यात!"

"लहानपणी एकदा फोडला होता, बाई. तेव्हा नीट फुटला नसावा."

तिने फडकं सोडलं, त्यात तुकडे बांधले आणि बाहेर पडली. बंगल्यात पुन्हा कधी गेली नाही.

घरी आली तेव्हा मी घामाने चिंब होते. ताप उतरला होता. डॉक्टरांना पुढे कारण विचारलं, तर ते म्हणाले, असं होतं कधी कधी.

पण इडेलाचं लक्ष माझ्या अंगाकडे नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

माझा खालचा ओठ कापला होता. टवका उडालेल्या कपातून पाणी प्यायल्यावर कापावा, तसा. उशाशी जमीन ओली होती.

"काही प्यायलीस का गं?" तिने विचारलं. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने आणि अमोसकाकाने ते तुकडे आईच्या मातीत पुरले. इडेला बरीच वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिचा कप मीच फोडला, आणि तुकडे मोठे राहू दिले नाहीत.

शेवटपर्यंत मी तिला खरं सांगितलं नाही.

मी प्यायले होते.

माझ्या मानेखाली हात होता. खडबडीत, माझ्या ओळखीचा. पाणी इतकं गार, की घशातली आग एका घोटात विझली. डोळे उघडायची मला भीती वाटत नव्हती. उघडावेसे वाटत नव्हते, इतकंच. "अजून थोडं, बर्डी," ती म्हणाली. मी पुन्हा ओठ पुढे केले...

आणि दूर कुठेतरी काहीतरी फुटलं. मानेखालचा हात गेला.

ती मला न्यायला आली होती, की राहिलेलं पाणी द्यायला, ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी ऐंशी पार केली आहे. ओठावरचा व्रण बोटाला लागतो. दुपारी साडेचारच्या सुमाराला कुणी मला पाणी विचारलं, तर मी आधी वर मान करून बघते, विचारणारं कोण आहे.

तहान मात्र लागलेली असते. रोज, त्याच वेळी.