ग्रहणात चिरलेला भोपळा

हेमलतानं जयसिंगला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या जीपच्या पुढच्या सीटवर तिची आई पेरू खात बसली होती.

सकाळपासून हेमलता आईला शोधत होती. विहिरीत डोकावून झालं, धरणाच्या काठचा गाळ बघून झाला, उषाकाकूच्या गोठ्यात पाहून झालं. आणि ही बया दुपारी तीन वाजता जीपमधून आली, पदराला पेरवाच्या बिया चिकटलेल्या.

"ओ ताई, ही मावशी तुमची का?"

"माझीच हाय. कुटं घावली?"

"घावली न्हाई. पौडच्या स्टँडवर हक्कानं येऊन बसली. म्हणली, माणला माहेरी सोड, भाऊबीजेला चाललेय."

"भाऊबीज होऊन महिना झाला."

"ते मला ठावं हाय, तिला न्हाई. नेली मग. तितं तुमच्या मामाच्या वावरात सात मजली काचेची बिल्डिंग. वॉचमन म्हणतो, कार्ड दाखवा. मावशी म्हणते, तूच दाव, माझ्या बापाच्या बांधावर कुणाला विचारून हुभा ऱ्हायलास?"

हेमलताला हसू आलं. हसू आलं तशी ओढणी तोंडावर गेली. एकोणतीस वर्षांची सवय, हात आपोआप जायचा.

"दाढ दुखतेय का?" जयसिंगनं विचारलं.

"कुणाची?"

"तुमची. मघापासून तोंड दाबून बोलताय. लवंग धरा दाढंखाली."

असल्या फुकटच्या मायेची तिला चीड होती. तिनं ओढणी खसकन खाली ओढली. "दाढ न्हाई, ओठ. घ्या, बघून घ्या पोटभर."

वरचा ओठ जन्मतः फाटलेला. लहानपणी कुठल्याशा शिबिरात कुणा शिकाऊ डॉक्टरनं तो शिवला होता. हेमलता गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. ती म्हणायची, असलं काम मी केलं असतं तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं.

लोक काय करतात, ते तिला पाठ होतं. बघतात, चटकन नजर काढतात, मग कणव आणून बोलतात. जयसिंगनं यातलं काहीच केलं नाही. टायर तपासावा तसा नीट, निवांत बघितला ओठ… आणि म्हणाला, "मंजी दाढ बरी हाय ना?"

जीप गेली. हेमलता उगाचच रस्त्याकडे बघत राहिली.

जयसिंग पिरंगुटचा. पौड ते मुळशी जीपनं माणसं वाहायचा. दुसऱ्या फेरीला तो दारात हॉर्न वाजवून विचारून गेला, "मावशी घरात हाय ना?" तिसऱ्या फेरीला त्याच्या बोलण्यातलं 'ताई' गळालं. ते कुठं गळालं, हे दोघांनाही कळलं, कुणी ते परत लावलं नाही.

एकदा तो सीटचं कव्हर घेऊन आला. "फाटलंय. शिवून द्या."

"मी ब्लाऊज शिवते."

"मग ब्लाऊजच्या मापानं शिवा. जीपला काय कळतंय?"

तिनं शिवून दिलं. आठ दिवसांनी दुसरं कव्हर. हेमलतानं फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे फाटलं न्हाई. कापलंय."

"उंदीर लई झालेत."

"उंदरानं पट्टी धरून कापलं?"

"आमच्या पिरंगुटचे उंदीर कारखान्यात जातात… शिकलेत."

ती हसली. या वेळी ओढणी निम्म्यावर आली आणि तिथंच थांबली.

असं सगळं गोड चाललं होतं, तर मग अडलं कुठं? अडलं आईपाशी.

गंगूबाईंना लग्नानंतर सतरा वर्षं मूल नव्हतं. वांझ म्हणून सगळ्या गावानं थुंकून झालं, तेव्हा कुठं दिवस गेले. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत भरदुपारी मोठं ग्रहण लागलं, तेव्हा सातवा महिना चालू होता. गरोदर बाईनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, हातपाय मुडपायचे नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि या बाईनं म्हणे विळीवर बसून भोपळा चिरला. दोन महिन्यांनी पोर झाली ती ओठ चिरलेली. गाव सांगायचं. सासू मरेपर्यंत सांगत होती. खुद्द गंगूबाई विचारणाऱ्याला सांगायच्या, "व्हय, म्याच चिरला. भूक आवरली न्हाई." मान वर करून सांगायच्या, जशी काय कमाई केली.

दुसऱ्याच्या पोटात काय होतं, हे सांगायला गाव फार हुशार. त्याच पोटाला दोन घास हवेत म्हणा, गावाला ऐकू येत नाही.

हेमलता आईचं सगळं करायची. डोकं विसरत चाललेल्या बाईचं हगणं-मुतणं काढायची, घास भरवायची, रात्री दाराला साखळी घालून उशाशी झोपायची. पण तिला 'आई' म्हणत नव्हती. 'म्हातारे' म्हणायची. एका भोपळ्यासाठी माझं तोंड चिरलंस… हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बोललेलं बरं असतं. न बोललेलं आत आंबतं.

संक्रांतीच्या दिवशी जयसिंग तिळगूळ घेऊन आला. रुमालात बांधलेला, अर्धा चुरा झालेला.

"गोड बोला म्हणत न्हाई मी," तो म्हणाला. "खरं बोला. माझ्याशी लगीन कराल का?"

हेमलताच्या हातातली सुई थांबली.

"सोमवारपासून मी माणच्या कंपनीतल्या लोकांना न्यायला-आणायला लागणार. या रस्त्याला येणं सुटलं. उद्याची शेवटची फेरी. म्हणून… आजच विचारलं."

"आणि म्हातारी?"

"मी दोघींना विचारतोय. तिनं तर पहिल्याच दिवशी सीट धरलीय."

तिला आत काहीतरी हललेलं कळलं, आणि म्हणूनच ती चिडली. "तुमी येडे हाय. मला पोर झालं आनि ते असंच निघालं, तर? तर मी बी तुमच्या दारात बसून सांगायचं का, व्हय, म्याच काहीतरी चिरलं? हिला मी माफ केलं न्हाई अजून. जिनं आईला माफ केलं न्हाई, तिनं आई व्हायचं? न्हाई. जा तुमी."

जयसिंग उठला. उंबऱ्याशी थांबला. "उद्या दुपारी हॉर्न वाजवीन. दार उघडलं न्हाई तर समजून जाईन."

दुसरा दिवस शुक्रवार. संक्रांतीनंतरची किंक्रांत, त्यात अमावस्या, त्यात ग्रहण. तीन अवदसा एका दिवशी. अकरा वाजताच रस्ता ओस पडला, उषाकाकूनं पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकून दार लावून घेतलं.

गंगूबाईंनी त्या दिवशी कुणी न सांगता आंघोळ केली. विळी, सुया, हेमलताची कात्री, सगळं फडक्यात गुंडाळून कणगीत टाकलं. मग माजघरात भिंतीला टेकून, पाय लांब सरळ करून बसल्या. तळवे पोटावर. त्या सपाट, सुरकुतल्या पोटावर तळवे असे ठेवलेले… जणू खाली काहीतरी हलतंय.

"म्हातारे, उठ, चहा घे."

गंगूबाईंनी मान वळवली. ओळख नव्हती डोळ्यांत. "तू कुणाची गं पोरी? भाईर जाऊ नगंस. गिराण लागलंय. माझा सातवा हाय."

हेमलतानं कप खाली ठेवला.

उजेड बदलायला लागला. ऊन होतं, पण त्यातला ताप कुणीतरी काढून घेतला होता. कोंबड्या परड्यात एका कोपऱ्यात गोळा होऊन उभ्या. आवाज नाही, खरवडणं नाही. आणि कौलांच्या फटींतून जमिनीवर रोज गोल गोल कवडसे पडायचे, ते आज गोल नव्हते. एकेक कवडसा कुणी दातानं तोडल्यासारखा, कोरीचा. सगळ्या जमिनीवर, भिंतीवर, गंगूबाईंच्या मांडीवर नुसत्या चंद्रकोरी सांडलेल्या, आणि वाऱ्यावर पानं हलली की त्या थरथरायच्या.

"हलत न्हाई, आत्याबाई," गंगूबाई रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या. तीस वर्षांपूर्वीच्या सासूला. मग थांबल्या, जणू उत्तर ऐकलं. "व्हय. पाणी बी न्हाई पिणार."

आई त्याच ग्रहणात बसलीय, हे हेमलताच्या ध्यानात आलं. आता दिसेल. ती भूक, तो भोपळा… डोळ्यांदेखत दिसेल. ती तरातरा गेली, कणगीतून विळी उपसली, शिंक्यावरचा भोपळा काढला आणि आईपुढं आदळला.

त्याच वेळी रस्त्यावर हॉर्न वाजला. एकदा. मग थोड्या वेळानं परत.

हेमलतानं दार उघडलं. नुसतं तोंडावर बोट ठेवलं. जयसिंग आत आला, जमिनीवरच्या चंद्रकोरी बघून त्याचा पाय तिथंच थांबला.

"काय चाललंय हे?"

"बघा तुमी बी. साक्षीला." ती आईपुढं बसली. "चीर, म्हातारे. भूक लागलीय ना? चीर भोपळा."

गंगूबाईंनी विळीकडं पाहिलं आणि भिंतीला अशा चिकटल्या, जणू पुढ्यात नाग आहे. "न्हाई. लांब कर ते. मरंन, पन हात लावनार न्हाई."

"कुणी बघत न्हाई. चीर."

"सतरा वर्सांनी आलंय पोरी, सतरा वर्सांनी… पाया पडते, लांब कर."

हेमलता वाट बघत राहिली. दहा मिनिटं, अर्धा तास. आता चिरेल, मग चिरेल. गंगूबाईंचे ओठ कोरडे पडले, पाय थरथरायला लागले, लुगडं भिजून जमिनीवर ओल पसरली. तरी त्यांनी गुडघा मुडपला नाही. डोळे मिटून एकेक श्वास मोजल्यासारखा घेत राहिल्या.

"हेमा," जयसिंग हलकेच म्हणाला. तिला असं कुणी म्हणत नव्हतं. "हिनं चिरलाच न्हाई गं."

ते तिलाही केव्हाच दिसलं होतं. फक्त मानायचं बळ नव्हतं. तिनं परक्या बाईनं परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "बाई… इतकं पाळून बी पोर फाटक्या ओठाचं निघालं तर?"

गंगूबाईंनी डोळे उघडले. कोपऱ्यातल्या सासूला ऐकू जाऊ नये म्हणून मान पुढं काढली.

"निघंल बी. देवाचा काय भरवसा. पन ही म्हातारी म्हनंल, अवदसा जन्माला आली, धरणात सोडा. पोरीवर आळ आला तर पोर ऱ्हात न्हाई गं. म्या सांगंन, म्याच चिरलं काईतरी. भूक लागली, चिरलं." त्या किंचित हसल्या, पहिल्यांदाच. "आळ माझ्यावर आला की पोर वाचली. मला काय, सतरा वर्सं बोल खाऊन दात बळकट झाल्यात."



मग हेमलतानं विळी उचलली. भोपळा उचलला. दोन्ही जिथल्या तिथं ठेवले, विळीवर फडकं गुंडाळलं. पेल्यात पाणी ओतलं, पण पाजलं नाही. आईच्या हाताशी ठेवून दिलं. लुगडं बदलायला हवं होतं. तिनं तेही केलं नाही. ज्या बाईनं तीन तास सोसायचे ठरवलेत, तिला अडीच तासांत उठवायचं कुणी?

"तुझं तू पुरं कर, आई," ती म्हणाली. आणि तोंडावर ओढणी न घेता बाहेर आली.

बाहेर फणसाखाली जमीनभर तेच कोरीचे कवडसे. तिच्या हातांवर, जयसिंगच्या सदऱ्यावर, त्याच्या गालावर एक. समोर धरणाचं पाणी शिशासारखं, लाट नाही, पाखरू नाही. उषाकाकूच्या दाराची फट थोडी उघडली.

"ए हेमे," आतून आवाज आला, "गिराणात भाईर काय उभी ऱ्हायलीस परक्या माणसाबरुबर? आईचं बघून बी अक्कल न्हाई आली?"

"आईनं काय चिरलं नव्हतं, काकू," हेमलता मोठ्यानं म्हणाली. "मी अशीच जन्मले. सगळ्यांना सांगा, तुमाला सांगायची हौस हाय."

फट मिटली.

जयसिंग हसला नाही. तिच्याकडं बघत राहिला. हेमलता रडत होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं. ओठाची शिवण रडताना ताणायची, वाकडी व्हायची. ती कुणाला दिसू नये म्हणून तिनं आजवर रडणंच टाकलं होतं.

"एकोणतीस वर्सं मी तिला…" तिनं घराकडं पाहिलं. "आता माफी मागू तरी कुणाजवळ? तिला मी कोण तेच ठावं न्हाई."

"तिला तू आत्ताच ठावी हाय," तो म्हणाला. "हात बघितलास का तिचा, कुटं हाय ते?"

वारा आला. फणसाची पानं सळसळली, सगळ्या चंद्रकोरी एकदम हलल्या. हेमलतानं डोळे पुसले.

"काल विचारलंत ते… पोर माझ्यासारखं निघालं तर निघालं. कुणाच्या माथी मारायचं न्हाई. माझ्या न्हाई, तुमच्या बी न्हाई."

"मंजी काय?"

"मंजी व्हय."

"ऐकू आलं न्हाई." त्यानं कानामागं हात धरला.

"दाढ दुखतेय का तुमची? कान धरून बोलताय ते."

"पुन्यांदा म्हण. एकदाच."

"व्हय," ती म्हणाली. त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला. डिझेलचा वास, तळव्यावर स्टिअरिंगचे घट्टे. दोघंही नुसते उभे राहिले, आणि पायाखालच्या कोरी हळूहळू भरत गेल्या, एकेक कवडसा फुगत, पुरा होत आला. परड्यात एक कोंबडी चाचरत ओरडली. पाण्यावर ऊन परत तापलं.

घरात दारं बंद होती. तिथं घड्याळ नव्हतं, कुणी सांगायला गेलं नव्हतं. तरी नेमक्या त्या घडीला आतून गंगूबाईंचा आवाज आला. थकलेला, हलका, आपल्याच पोटाशी बोलणारा.

"सुटलं गं बाई गिराण. ये आता भाईर."

हेमलतानं जयसिंगचा हात न सोडता दार ढकललं.

"आले, आई."