दे इकडे

रात्रीचे पावणेदहा वाजले होते तेव्हा मामांची भाची, तिचा नवरा आणि त्यांचं पाच महिन्यांचं बाळ त्या हॉटेलच्या दारात उतरले. वेळ मामा अगदी पक्की सांगतात, कारण त्यांनीच तिघांना आपल्या टेम्पोतून सोडलं होतं, आणि त्या टेम्पोत एक घड्याळच काय ते नीट चालतं.

हे मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ. गाद्या आणि सोफे शिवतात. परवा जेवणं झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो होतो, लाइट गेली होती, माझी मुलगी मांडीवर झोपली होती. पोरांनी भुताची गोष्ट सांगा म्हणून भुणभुण लावली, तर मामा म्हणाले, मला गोष्ट येत नाही, झालेलं सांगतो. ही भाची म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. मी तिला एका लग्नात पाहिलंय. खाली मान घालून बसली होती, बाळाला कुणाच्याच हातात देत नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं, काय ही शिष्ट बाई.

तिचा नवरा सुतार. त्या हॉटेलात वरच्या मजल्यावर लाकडी जमीन त्यानेच बसवली होती, गाद्या मामांच्या. आणि त्या वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, रात्री करकर आवाज येतो अशी तक्रार सुरू झाली. दिवसा जाऊन बघावं तर काही नाही. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, तुम्हीच एक रात्र त्या खोलीत राहा आणि कुठली फळी वाजते ते शोधून काढा. दुसरं हॉटेल व्हायचं होतं, त्याचं सगळं लाकूडकाम त्यालाच देणार होत्या. फक्त एक अट घातली. हत्यारं दिसू द्यायची नाहीत, पाहुण्यासारखं यायचं. खालच्या मजल्यांवर लोक उतरलेले असतात, त्यांना कळता कामा नये की इथं काही बिघडलंय.

सुतार म्हणाला, फुकटात एवढ्या मोठ्या हॉटेलात राहायला मिळतंय तर हिलाही नेतो. बाळंतपणापासून बिचारी घराबाहेर पडली नाही. तेवढीच हौस.

ती गल्ली कशी आहे ते मामांनी छान सांगितलं. सगळ्या भिंतींवर हे एवढाले चेहरे रंगवलेले. जुने कपडे विकायची दुकानं, आणि जुने नव्यापेक्षा महाग. कुणी पायरीवर बसून गिटार वाजवतंय, कुणी फुटपाथवर बसून चित्र काढतंय, केस कुणाचे निळे तर कुणाचे भादरलेले, आणि एवढी रात्र झाली तरी घरी जायची घाई कुणालाच नाही. हॉटेलला पाटी नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच सापडावं असा थाट. आत भिंतींचं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या. मामा म्हणाले, आपल्या घराची भिंत अशी असली तर पोरीला स्थळ येत नाही, तिथं लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात.

पोरं हसली. मामा नाही हसले.

भाचीने कपाटातला ठेवणीतला ड्रेस घातला होता. तरी आत पाऊल टाकल्याबरोबर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपलेचा एक बंद शिवलेला होता तो दिसू नये म्हणून ती पाय ओढत चालली. सुताराने पटाशी आणि हातोडी बाळाच्या दुपट्यांमध्ये गुंडाळून बाळाच्याच पिशवीत ठेवली होती. काउंटरवरची मुलगी गोड हसली, पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर या दोघांनी एकदम पिशवी मागे ओढली. चोर असल्यासारखी. भाची म्हणते, ती मुलगी हसायची थांबली ते मला दिसलं.

खोली तर विचारू नका. पलंग एवढा की चौघं आडवे झोपतील. मोरीत, मोरी कसली, आपली पुढची खोली बसेल त्यात, आंघोळीचा पांढरा टब. दिवा कुठल्या बटणाने लागतो ते कळेना. चादर चुरगळेल म्हणून भाची पलंगाच्या अगदी काठावर बसली. मामा म्हणाले, माझ्याच हातची गादी ती, आणि माझीच भाची तिच्यावर नीट बसेना.

सुताराने बूट काढले, फळ्यांवर कान लावून सगळी खोली रांगत फिरला. काही नाही. मग म्हणाला, मी बाहेर जिन्यात बसतो, लाकडाचा आवाज लांबून चांगला कळतो, तू बाळाला निजव. त्या मजल्यावर यायला-जायला तो एकच जिना. तो जाऊन वरच्या पायरीवर बसला, खोलीच्या दारापासून जरा वळणापलीकडे.

आणि बाळ रडायला लागलं.

बाळं रडतातच. नवी जागा, नवा वास. पण हे बाळ असं रडायला लागलं की दूध घेईना, खांद्यावर राहीना, अंग ताठ करून रडायला लागलं. भाचीने त्याला हलवलं, थोपटलं, खिडकीतले दिवे दाखवले. मग खोलीतला फोन वाजला. बाईचा आवाज होता. हळू, फार सभ्य. म्हणाली, शेजारच्या पाहुण्यांना जरा त्रास होतोय.

ही सॉरी, सॉरी म्हणाली आणि फोन ठेवला. आता मालकीणबाईंना कळणार, नवऱ्याचं काम जाणार, आणि ते माझ्यामुळे. मला साधं एक लेकरू गप्प करता येत नाही.

फोन पुन्हा वाजला. तोच आवाज. शेजारचे म्हणतायत, कसली आई आहे ही.

ते ऐकून ती बाळाला घेऊन मोरीत गेली. दार लावलं. नळ सोडला. टबाच्या काठावर बसली. पाण्याच्या आवाजातही बाळाचं रडणं चिरत जात होतं, आणि तिचा हात... तिचाच हात... बाळाच्या तोंडावर गेला. क्षणभरच. लगेच काढला. पण गेला.

हे सांगताना ती मामांकडे बघतच नव्हती म्हणे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

तिला वाटलं, आले. आता हाकलणार. तिने नळ बंद केला, डोळे पुसले आणि खोलीचं दार उघडलं. बाहेर एक म्हातारी बाई उभी होती. राखी रंगाचा साधा कपडा, वर मळकट पांढरा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सफाईवाली असेल किंवा धोब्याकडची. भाचीला जरा बरंच वाटलं. एवढ्या वेळात पहिलंच माणूस दिसलं होतं जे आपल्यातलं वाटलं.

बाईने काही विचारलं नाही. हात पुढे केले.

"दे इकडे."

आणि भाचीने दिलं.

नाव विचारलं नाही. कुठं नेताय विचारलं नाही. बाळ त्या हातांत गेलं आणि गप्प झालं. एकदम. नळ बंद केल्यासारखं. बाई वळली, दार लागलं, आणि खोलीत अशी शांतता झाली की भाचीला भरून आलं. मामा म्हणाले, पोरगी मला सांगत होती, मामा, माझं बाळ कुणी उचलून नेलं आणि मला काय वाटलं माहितेय? सुटले, असं वाटलं. मी आरशासमोर उभी राहून केस नीट केले.

थोड्या वेळाने नवरा आत आला.

"झोपला? बरं झालं. कुठंय?"

"त्या बाईंनी नेलंय निजवायला."

"कुठल्या बाईंनी?"

तिने दाराकडे बोट दाखवलं.

"अगं, मी जिन्यात बसलोय. इकडून कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही."

मामा इथं थांबले. खाली रस्त्यावरून एक स्कूटर गेली. मी मुलीचा पाय धरला होता ते माझ्याच लक्षात आलं नाही.

मग मामांनी जे सांगितलं ना, ते मला भुतापेक्षा जास्त लागलं. ते दोघं ओरडले नाहीत. बाळ गेलंय, आणि ते ओरडले नाहीत. शेजारचे उठतील म्हणून. चवड्यांवर चालत एकेका दारापाशी गेले. कान लावले. ती बाळाला हाक मारत होती, पण कुजबुजून. स्वतःच्या बाळाला... कुजबुजून. दार वाजवायला हात उचलायची आणि खाली घ्यायची. काय म्हणून सांगणार? मी माझं बाळ कुणाला दिलं ते मला माहीत नाही?

सगळी दारं बंद. सगळीकडे सामसूम.

आणि मग आवाज आला.

कर्र... कर्र...

डोक्यावरून.

सुतार जागच्या जागी थिजला. लाकडात जन्म गेलेला माणूस. त्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग त्याचं तोंड पांढरं पडलं.

"ही फळी नाही," तो म्हणाला. "हा दोर आहे. ओझं आहे त्याला."

कर्र... कर्र... संथ. झोका द्यावा तसं.

तेव्हा भाची ओरडली. सगळी लाज सोडून. पोटातून. इतकी की खाली काउंटरपर्यंत ऐकू गेलं. बाळाच्या नावाने हाका मारत तिने सगळ्या दारांवर मुठी आपटल्या. एकही दार उघडलं नाही.

त्या मजल्याच्या वर फक्त पोटमाळा. त्याची झडप सुतारानेच जमीन बसवताना खिळे ठोकून बंद केली होती. त्याने पिशवीतली पटाशी काढली, खुर्चीवर चढून खिळे उपसले. मोबाइलचा उजेड आत टाकला.

काही नाही.

धूळ. बोटभर धूळ, तिच्यावर पावलाचा एक ठसा नाही. मधल्या तुळईला एक लोखंडी कडी, पाळणा टांगायची असते तशी. रिकामी. ती हलत नव्हती.

आवाज थांबला होता.

ते धावत खोलीत आले. पलंगाच्या मधोमध, जिथं भाची बसायला धजली नव्हती, तिथं बाळ झोपलं होतं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. श्वास चालू. गाल गरम. तिने उचललं, तरी जागं झालं नाही. आजूबाजूच्या चादरीला एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

तोवर काउंटरवरची मुलगी धापा टाकत वर आली. काय झालं, काय झालं. भाची बाळाला छातीशी धरून रडत रडत माफीच मागायला लागली. म्हणाली, तुम्ही दोनदा फोन केलात, शेजारच्यांना त्रास झाला, मी काय करू, गप्पच होत नव्हता.

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. तिने फोन केला नव्हता. एकदाही नाही. आणि शेजारी म्हणाल तर त्या मजल्यावर त्या रात्री कुणीच नव्हतं. आवाज शोधायचाय म्हणून मालकीणबाईंनी सगळ्या खोल्या रिकाम्या ठेवल्या होत्या.

मामा म्हणाले, बघा. ज्यांची लाज वाटून तिने लेकरू दिलं, ते लोक तिथं नव्हतेच.

एप्रनवाल्या बाईचं विचारलं तर मुलगी म्हणाली, आमच्याकडे एप्रन कुणी घालत नाही.

दोघं तसेच निघाले. सुताराने दुसऱ्या हॉटेलचं काम घेतलं नाही. मालकीणबाईंना फोनवर एवढंच सांगितलं, लाकडात दोष नाही. यावर मालकीणबाई काय म्हणाल्या, असं आमच्या एका पोराने विचारलं. मामा म्हणाले, काही नाही. नुसता फोन ठेवून दिला.

घरी आल्यावर उजाडलं तसं भाचीने बाळाचं दुपटं सोडलं. कुठं खरचटलंय का, कुठं काही लागलंय का, असं सगळं अंग बघितलं. काही नव्हतं. मग तिने त्याचे हात उघडले.

बाळाची नखं कापलेली होती.

हाताची, पायाची. सगळी. गोल, नीट, कडेचा कोपरासुद्धा टोचू नये अशी. आणि भाचीने त्याची नखं जन्मापासून एकदाही कापली नव्हती. तिला भीती वाटायची, मांसाला लागेल म्हणून. आज कापू, उद्या कापू करत नखं वाढायची, मग सासूच्या मागे लागून कापून घ्यायची, आणि या खेपेला तेही राहिलं होतं. पाच महिने जे आईला जमलं नाही, ते कुणीतरी मजेत बसून, झोका देत, करून दिलं होतं.

मामा एवढं सांगून उठले आणि खाली झोपायला गेले. लाइट आली तरी आम्ही कुणी हललो नाही. मी घरात येऊन आधी मुलीची बोटं उजेडात धरली. नखं वाढलेली होती. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून हे लिहिलंय. तुमच्या ओळखीत जिच्या कडेवर लहान लेकरू आहे, तिला एवढं सांगा. परक्या जागी लेकरू रडलं तर रडू दे. लोक म्हणतील ते म्हणू दे. दारात कुणीही येऊन हात पुढे करो, लाजेपायी देऊ नकोस. आणि तिलाही म्हणावं, तू पुढे आणखी एकीला सांग.